दारापाशी, फळ्यापाशी, ओट्यावर

सकाळी 9:30

शाळा दहाची. त्याआधीचा हा अर्धा तास मला फार मोलाचा, कारण एकाच लेकराजवळ निवांत बसायला पुढं दिवसभरात मिळेलच असं नाही. बीड जिल्ह्यातली आमची ही जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या दोन वर्गांचा पट 23.

गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. परत येतात ती कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. घरी आजी असेल तर लेकरू मागं राहतं आणि हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्याच्या जेवणाची सोय होते. आजी नसेल तर ते आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी उभारलेल्या झोपडीत, जातं. जाताना आम्ही त्याच्याजवळ शिक्षण हमी कार्ड देतो, तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं म्हणून. पुष्कळ शाळा बसवून घेतात, मायेनं शिकवतातही. पण कोपी गावापासून लांब फडाच्या कडेला पडलेली असली आणि धाकट्याला सांभाळायला दुसरं कुणी नसलं, तर ते कार्ड पत्र्याच्या पेटीतच राहतं. म्हणून जुलैत माझ्या चौथीत एक मूल सलग गोष्ट वाचतं आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेलं दुसरं 'म' आणि 'भ' यांत अडकतं. पाठ्यपुस्तक दोघांना एकच मिळालेलं असतं.

आज लवकर बोलावलाय तो चौथीतला एक मुलगा. (मुलांची नावं मी इथं लिहिणार नाही.) एप्रिलात आला तेव्हा त्याला मोजकी अक्षरं येत होती. माझ्या हातात एका पानाचा वाचनाचा कागद आहे: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात 2005 पासून घरोघरी वापरतात तीच ही पद्धत. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो जमला तर गोष्टीकडं वर जायचं, नाही जमला तर शब्दांकडं खाली यायचं. पाच शब्दांतले चार बरोबर आले की मूल शब्दांच्या पातळीवर आलं असं धरायचं. एका मुलाला दोन-तीन मिनिटं पुरतात.

परिच्छेदाच्या पहिल्याच ओळीत तो थांबला. मी बोट शब्दांवर नेलं. 'पाणी', 'जीभ', 'मोर' सुटले. 'खूप' म्हणताना उकाराशी अडला, मागं गेला आणि स्वतःच दुरुस्त करून पुढं आला. चार बरोबर.

"उद्यापासून फळ्यापाशी बसायचं," मी म्हटलं. शब्द वाचणाऱ्यांची जागा ती.

"उद्यापासून का? आजच बसतो की!"

सकाळी 10:00

परिपाठ, हजेरी, ऑनलाइन हजेरी. दुपारच्या जेवणासाठी आज हजर असलेल्यांचा आकडा.

सकाळी 10:25

हा तास सगळ्यांचा मिळून. मी गोष्ट मोठ्यानं वाचते, सगळी ऐकतात आणि मग बोलतात. मागं पडलेल्या मुलांना या वेळात बाजूला घेऊन अक्षरं गिरवून घ्यावीत, असा सल्ला मला मिळालेला आहे. तो मी मानत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला समजत नाही असं अजिबात नसतं. आजच्या गोष्टीतला म्हातारा बैल विकायला निघतो. तो का विकतो, यावर सगळ्यात नेमकं उत्तर दारापाशी, अक्षरांवरच्या गटात, बसणाऱ्या एका मुलीनं दिलं: "उचल फिटली नसंल." उचल म्हणजे ऊसतोडीआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम; ती तिच्या घरानं पाहिलेली आहे. अशा वेळी तिला वर्गातून उठवून 'क'ला काना लावायला बसवलं असतं, तर आम्ही बाकी सगळे तिच्या या एका वाक्याला मुकलो असतो. ती एरवी वाचायचं म्हटलं की मान खाली घालते. तिला हे बोलायला जागा मिळायलाच हवी. सगळ्यांसाठीचा हा थर पक्का नसेल तर पुढच्या कुठल्याही जादा मदतीला पाय राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी 11:15

आता स्तरांचा तास. फोन कपाटात जातो. 'माहिती तात्काळ पाठवा' असे निरोप याच वेळात येतात. त्यांना उत्तर जेवणाच्या सुट्टीत.

या तासाला तिसरी आणि चौथी असा भेद राहत नाही. जो जिथवर वाचतो तिथं तो बसतो. अक्षरांवरची सहा दारापाशी, कारण तिथं उजेड चांगला आणि माझी चटईही तिथंच. शब्द वाचणारी आठ फळ्यापाशी. परिच्छेद आणि गोष्ट वाचणारी नऊ बाहेर ओट्यावर. आज सकाळच्या पठ्ठ्यानं उद्याची वाट पाहिलीच नाही, त्यामुळं दारापाशी पाच झाली आणि फळ्यापाशी नऊ.

मुलं गटाला जागेच्याच नावानं ओळखतात, आणि तीन-चार आठवड्यांनी जागा बदलते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माझा सगळा जोर त्या बदलण्यावर आहे. जून महिन्यात पाडलेला गट मार्चपर्यंत तसाच राहिला तर ती मदत उरत नाही, ते त्या लेकराचं आडनाव होऊन बसतं.

दारापाशी बाराखडीचा तक्ता. रोज दोन ओळी, बोट ठेवून, सगळ्यांनी एका सुरात. मग जमिनीवर खडूनं आखलेल्या चौकटींत अक्षरं; मी 'कमळ' म्हटलं की क, म, ळ अशा उड्या मारायच्या. उडी मारून झाली की लगेच तोच शब्द पाटीवर. लिहिणं राहून गेलं तर खेळ नुसता खेळच राहतो, हे या पद्धतीत फार महत्त्वाचं आहे आणि घाईत नेमकं तेच गळतं. शब्द कुठले घ्यायचे ते मुलं सांगतात: ऊस, वाढं, मोळी, बैल, कोपी. 'कोपी'त मात्रा-काना आणि वेलांटी दोन्ही येतात. मुलानं तोंडानं हजारदा म्हटलेला शब्द असतो, त्यामुळं डोळ्यांनी तो ओळखायची ओढ आतूनच येते.

फळ्यापाशीची मुलं जोडाक्षरांना घाबरतात. त्यांच्यासाठी मी 'ट्रॅक्टर' लिहिते. तो वाचता आला की बाकीच्या जोडाक्षरांचा धाक निम्मा होतो. मग एका शब्दावरून प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, मी ते फळ्यावर उतरवायचं आणि ज्याचं वाक्य त्यानं ते वाचून दाखवायचं. ओट्यावर जोड्या-जोड्यांनी वाचन चाललंय. तिथलं काम अवघड: प्रत्येकानं एक असा प्रश्न काढायचा की ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं नाही. माझा बराचसा वेळ दारापाशी जातो, ओट्याच्या वाट्याला थोडा येतो. म्हणून बुधवारी सुरुवातीची वीस मिनिटं मी ओट्यावरच बसते. पुढं गेलेल्या मुलाचंही शिकणं थांबता कामा नये. 'तो हुशार आहे, त्याचं तो बघेल' म्हणून त्याला सोडून देणं अन्यायाचंच आहे.

ही वाट मी शोधलेली नाही. 'प्रथम' संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 या काळात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागं असलेल्या मुलांना झाला, असं त्यात दिसलं. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांतून ही गोष्ट पुष्कळांना कळली. मला मात्र त्यांचं हरियाणातलं पुढचं काम जास्त जवळचं वाटतं. आधी काही राज्यांत सरकारी शिक्षकांना या पद्धतीचं नुसतं प्रशिक्षण दिलं गेलं होतं आणि वर्गात फारसं काही बदललं नव्हतं. शिक्षक प्रशिक्षणाहून परतले आणि पाठ्यपुस्तक पुरं करायच्या धावपळीला लागले. 2012-13 मध्ये हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच यासाठी एक वेगळा तास काढला, तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता न बघता पातळीनुसार बसवली, शाळांच्या समूहांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन हाताला हात लावला. तेव्हा वाचन सुधारलं. शिक्षक तेच होते. घड्याळातला तास तेवढा राखून ठेवला होता.

'मागं पडलेली चार-दोन पोरं' असं आपण बोलतो, तेव्हा आकडा डोळ्यांसमोर नसतो. 'असर'नुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होतं, कोविडनंतर 2022 मध्ये ते 20.5 वर घसरलं आणि 2024 मध्ये पुन्हा 27.1 वर आलं. म्हणजे भरून काढायचं ते भरून निघालं, तरी चारांतली जवळपास तीन मुलं अजून त्या मजकुराच्या अलीकडंच आहेत. मागं राहणं हीच जिथं बहुतेकांची अवस्था आहे, तिथं त्यांच्यासाठीचं शिकवणं शाळा सुटल्यावरच्या जादा तासाला ढकलून कसं चालेल? ते मुख्य वेळापत्रकातच हवं. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यावं हे ध्येय धरलंय. त्या कागदाला अर्थ यायचा तर तो असल्या एखाद्या तासातूनच येईल.

दुपारी 12:15

गणित. गट पुन्हा मोडतात, आणि इथं मला दिवसातला सगळ्यात मोठा आनंद होतो.

वाचनात आजच फळ्यापाशी आलेला तो मुलगा गणितात थेट ओट्यावर आहे. फडात मोळ्या मोजायचं काम त्यानं केलंय. "एका गाडीत 85 मोळ्या, तीन गाड्यांत किती?" मी विचारलं. त्यानं पाटी हातात घेतली नाही, नजर छताकडं गेली आणि उत्तर आलं, "255." ओट्यावरची एक मुलगी सलग गोष्ट वाचते, पण हातच्याच्या वजाबाकीत अडकते, ती आत्ता दारापाशी काड्यांचे गठ्ठे सोडतेय. 52 मधून 27 वजा करायचे तर एक गठ्ठा सोडून सुट्या बारा काड्या हातात घ्याव्या लागतात. ते हातांनी चार-पाच वेळा केल्याशिवाय मी तिला कागदावर मांडू देत नाही. पातळी मुलाची नसते, त्या मुलाच्या त्या कामाची असते. माझ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, ती रोज दुपारी जागा बदलताना बघतात.

संख्यावाचन हा आपल्या मुलांचा खास चढ आहे. 'त्र्याहत्तर' ऐकलं की आधी तीन ऐकू येतात, मग सत्तर. मूल 37 लिहितं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर तीन' अशी वाचनाची जोडपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची मुलांची अडचण शांतपणे सांगितली होती. मी दोन्ही वापरते. दारापाशीच्या गटात आधी 'सत्तर तीन', काड्यांचे सात गठ्ठे नि तीन सुट्या, आणि मग त्यालाच घरीदारी त्र्याहत्तर म्हणतात हे सांगायचं. आठवडी बाजारात त्याला त्र्याहत्तरच ऐकू येणार आहे, तेही आलंच पाहिजे.

दुपारी 1:15

जेवण. आधी चव घेऊन वहीत नोंद. प्राथमिकच्या मुलामागं रोज 100 ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. आज मटकीची उसळ आणि भात. दारापाशीच्या गटातल्या तिसरीतल्या एका मुलीला मी पाठीमागून हाक मारली, "अजून भात घे." तिनं ऐकलं नाही. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा वळली, आणि वळली ती डाव्या बाजूनं.

दुपारी 2:10

परिसर अभ्यासाचं चित्र काढायचं काम मुलांना देऊन मी तिला जवळ घेतलं. सगळ्यांचा तास आणि स्तरांचा तास यांनंतरचा हा तिसरा थर, एकावेळी एकच मूल. 23 मुलांत माझ्याकडं सध्या अशी दोघं आहेत.

इथं घाई धोक्याची असते. न शिकवल्यानं न येणं आणि नीट शिकवूनही न येणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्या लेकरानं वर्षातले पाच-सहा महिने शाळा बघितलेली नाही, त्याला आधी भरपूर, नेमकं आणि रोज शिकवून बघायला हवं. त्याच्याबद्दल शंका घेण्याचा हक्क त्यानंतरचा. ही मुलगी जूनपासून रोज येतेय, एकही खाडा नाही. तिच्याबरोबरची तिघं पुढं सरकली. ती मात्र त्याच अक्षरांवर, आणि तिच्या चुकांची मी ठेवलेली नोंद पाहिली तर सगळ्या एकाच जातीच्या आहेत: प-फ, त-थ, ब-भ, द-ध. आकारानं सारखी दिसणारी घ-ध, म-भ ही अक्षरं ती बरोबर वाचते. म्हणजे डोळ्यांचा घोटाळा नसावा.

मी तिच्या मागं उभी राहिले आणि नेहमीच्या बोलण्यापेक्षा हळू म्हटलं, "फणस." ती म्हणाली, "पणस." "थाळी." "ताळी." मग समोर बसून, तिला माझे ओठ दिसतील अशी, त्याच आवाजात तेच शब्द म्हटले. दोन्ही बरोबर आले. तिचा उजवा कान पाहिला. वाहून सुकल्याची खूण होती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन सगळ्यांना तपासतं. डोळे, कान, दात, वजन. गेल्या वर्षी ते आलं तेव्हा ही मुलगी कोपीवर होती. तिथल्या शाळेच्या पटावर तिचं नाव नव्हतं. दोन्हीकडच्या यादीतून ती निसटली.

गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक महिन्यातून फेरी मारतात. त्यांच्याकडं पुष्कळ शाळा आहेत, तरी येतात तेव्हा मन लावून बघतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे आणि श्रवणदोषही. योग्य मुलाला ते प्रमाणपत्र मिळालं तर सवलती मिळतात, साधनं मिळतात. त्याचं महत्त्व मी जाणते. पण कान तपासण्याआधी या मुलीला 'अध्ययन अक्षम' म्हणणं मला पाप वाटतं. आजपासून तिची जागा बदलली: माझ्या अगदी समोर, डावा कान माझ्याकडं. शिकवताना तोंड फळ्याकडं करून बोलायचं नाही, हे मीही वहीत लिहून ठेवलं.

दुपारी 3:30

ओट्यावरची मुलं दुसरीच्या वर्गात जाऊन गोष्ट वाचून दाखवतात. दुसरीच्या मुलांनी प्रश्न विचारायचे, यांनी उत्तरं द्यायची. सरांच्या वर्गातून हसू ऐकू येतंय. इकडं मी चौथीच्या मुलांची यादी काढली. आमची शाळा चौथीला संपते, ही मुलं पुढच्या जूनला शेजारच्या गावी पाचवीत जातील. राज्यानं 2023 मध्ये नियम बदलले, त्यामुळं आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही नाही जमली तर पुन्हा तोच वर्ग. त्या यादीतली चौघं अजून गोष्टीपर्यंत आलेली नाहीत, आणि त्यातली तिघं दिवाळीला टोळीबरोबर जाणार. माझ्या हातात वर्ष नाही, ऑक्टोबरपर्यंतचेच दिवस आहेत. त्या तिघांच्या आज्या, चुलत्या, कुणी मागं ठेवून घ्यायला तयार आहेत का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आत्ताच काढायचं. सप्टेंबरात काढलं की उशीर होतो, तोवर मुकादमाशी बोलणं झालेलं असतं.

संध्याकाळी 5:15

मुलीची आजी दारात शेंगा निवडत होती. मी कानाचं काढलं.

"तिच्या आईचाबी असाच वाहायचा, मॅडम. तेल कोमट करून सोडलं की थांबतंय."

"आजी, तेल नका सोडू. पाणीही जाऊ देऊ नका. डॉक्टरांना दाखवू. औषधानं बरा होण्यासारखा असेल तर आत्ताच होईल."

"म्हंजी लेकरू ढ न्हाई?"

"नाही. दुपारी म्हाताऱ्याच्या गोष्टीत कोण काय बोललं, सगळं तिनं मला सांगितलं."

आजी बराच वेळ नातीकडं बघत राहिली. मग म्हणाली, गुरुवारी तालुक्याला बाजार आहे, तेव्हाच ग्रामीण रुग्णालयात जाता येईल, पण डॉक्टरला काय सांगायचं ते तिला जमायचं नाही. मी वहीतलं पान फाडून चिठ्ठी लिहिली: "मुलगी इयत्ता तिसरी. उजवा कान वाहतो. मागून हळू बोललेलं नीट ऐकू येत नाही. समोरून ओठ दिसले की बरोबर म्हणते. प-फ, त-थ, ब-भ यांत गोंधळ. कृपया तपासावं आणि ऐकण्याची चाचणी लागेल का ते लिहून द्यावं." खाली माझा फोन नंबर घातला.

आजीनं ती आधार कार्डाच्या पिशवीत ठेवली. नऊची जीप धरायची ठरली. गुरुवारचा स्तरांचा तास तिचा बुडेल, तो शुक्रवारी साडेनऊला भरून काढू.